सापांच्या खाद्यासाठी पाळलेले उंदीर आणि त्यांच्यातील परजीवी: औषध शेवटी, बंदोबस्त आधी

अमेरिकेत ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी वाचकांच्या घरी दोन बॉल पायथन (आफ्रिकेतील लहान अजगर) आणि काही कॉर्न स्नेक (अमेरिकेतील बिनविषारी साप) आहेत. या सापांच्या खाद्यासाठी ते गॅरेजमध्ये लहान उंदीर आणि रॅट (मोठे उंदीर) यांची पैदास करतात. एका बॉल पायथनच्या विष्ठेच्या तपासणीत पिनवर्मची (आतड्यातील बारीक जंतांची) अंडी आणि माइटचे (कोळ्याच्या कुळातल्या बारीक जीवांचे) अवशेष आढळल्याचा अहवाल आल्यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: सापाला जंताचे औषध द्यावे का, सर्व उंदरांना पिण्याच्या पाण्यातून आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध द्यावे का, आणि हा प्रकार पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे.

पहिल्या दोन प्रश्नांचे माझे उत्तर ‘सध्या नाही’ असे आहे. तिसरा प्रश्न मात्र मुळाशी जाणारा असल्यामुळे पुढचे बहुतेक विवेचन त्याच्याविषयी आहे. प्रयोगशाळांच्या प्राणिगृहांत काम केलेल्या कोणालाही हे पटेल, की दाटीवाटीने राहणाऱ्या उंदरांच्या वसाहतीत परजीवी एकदा शिरला की तो नुसत्या औषधाने क्वचितच जातो. म्हणून सगळी मेहनत त्याच्या शिरकावाच्या वाटा बंद करण्यावर घालावी लागते.

प्रथम अहवालाचा अर्थ पाहू. साप उंदीर अख्खा गिळतो, त्यामुळे उंदराच्या आतड्यातील जंतांची अंडी आणि केसांवरचे माइट हे सगळेच सापाच्या पोटात जाते. यातील पुष्कळ अंडी आणि माइटची कठीण कवचे न पचता विष्ठेतून बाहेर पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती सापाचीच असल्यासारखी दिसतात. यांना छद्मपरजीवी म्हणतात. सिफेशिया किंवा अॅस्पिक्युल्युरिस या उंदरांच्या पिनवर्मची अंडी सापाच्या विष्ठेत दिसली, तर सापाला संसर्ग नसून त्याच्या आहाराला आहे, असे समजावे. मायोकोप्टीस किंवा मायोबिया हे केसांतील माइट सापाच्या अंगावर जगत नाहीत. सापाच्या खवल्यांखाली शिरून रक्त पिणारा ऑफिओनिसस हा माइट निराळा असून तो उंदरांमुळे होत नाही. तेव्हा या अहवालावर सापाला औषध देण्याचे कारण नाही. उलट, फेनबेंडाझोल या जंतनाशकाची मात्रा जास्त झाल्यास सापांच्या अस्थिमज्जेवर आणि आतड्याच्या अस्तरावर घातक परिणाम होतो, हे नोंदलेले आहे.

एक अपवाद इथेच नोंदवतो. क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीच्या बाबतीत अंदाज बांधून चालत नाही. सापाच्या जठराची भिंत जाड करणारा क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस आणि उंदरांत आढळणारा क्रिप्टोस्पोरिडियम म्युरिस यांच्या ऊसिस्ट (कवचातील अंड्यासारखी अवस्था) सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. विष्ठेत अशा ऊसिस्ट सापडल्यास पीसीआर (जनुकीय तपासणी) करून जात ओळखल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, कारण पहिला असेल तर साप कायमचा वेगळा ठेवावा लागतो आणि दुसरा असेल तर फक्त उंदरांकडे लक्ष द्यावे लागते.

आता उंदरांकडे वळू. तुमच्या अहवालात नुसते ‘पिनवर्म’ लिहिले आहे. पण लहान उंदरांत पिनवर्मच्या दोन मुख्य जाती आढळतात आणि त्यांचे वागणे इतके वेगळे आहे, की एकीवर चालणारी युक्ती दुसरीवर निष्प्रभ ठरते. सिफेशिया ऑब्व्हेलाटा या जातीची मादी उंदराच्या गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी चिकटवते. ती अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि पूर्ण जीवनचक्र साधारण 11 ते 15 दिवसांत संपते. अंडी हलकी असल्याने धुळीबरोबर उडतात. टबच्या कडेवर, झाकणाच्या जाळीवर, तुमच्या बाहीवर बसतात. रॅटमध्ये हेच काम सिफेशिया म्युरिस करते. अॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा मात्र मोठ्या आतड्यात राहते, तिची अंडी लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास त्यांना सहा-सात दिवस लागतात आणि चक्र पूर्ण व्हायला साधारण 23 ते 25 दिवस जातात.

यातून सरळ निघणारा हिशेब असा. टबमधील सगळे बेडिंग (तळाशी पसरलेले भुसकट) दर पाच दिवसांनी नियमाने बदलले आणि टबही धुतला, तर अॅस्पिक्युल्युरिसची बहुतेक अंडी संसर्गक्षम होण्याआधीच कचऱ्यात जातात. हेच काम दहा दिवसांनी केले तर तुम्ही तिला हवा तेवढा वेळ देता. सिफेशियासमोर मात्र रोज बेडिंग बदलूनही उपयोग होत नाही, कारण एकमेकांचे अंग चाटण्यातूनच अंडी पोटात जातात. तिथे शिरकाव रोखणे हाच खरा उपाय आहे. म्हणून कोणती जात आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ती ओळखण्याचे काम घरीही करता येते. पारदर्शक सेलोटेपचा दोन-तीन इंचांचा तुकडा घ्यावा, उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून मागचा भाग किंचित उचलावा, टेपची चिकट बाजू गुदद्वारावर आणि भोवतालच्या त्वचेवर दोन-तीनदा हलकेच दाबावी आणि टेप काचपट्टीवर सपाट चिकटवून 100 पट वर्धनाखाली पाहावी. सिफेशियाचे अंडे केळ्याच्या आकाराचे, एका बाजूने चपटे दिसते. ऑब्व्हेलाटाचे अंडे साधारण 120 ते 150 मायक्रॉन लांब असते, तर म्युरिसचे त्याच्या जवळजवळ निम्मे. अॅस्पिक्युल्युरिसचे अंडे दोन्ही बाजूंनी सारखे, लंबगोल असते आणि ते टेपवर सहसा येत नाही. त्यासाठी ताज्या लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कुस्करून, गाळून, अंडी वर तरंगून येण्याची वाट पाहावी लागते. नमुना कोणाचा घ्यावा हेही महत्त्वाचे आहे. म्हाताऱ्या ब्रीडर (पैदाशीच्या) मादीची तपासणी करून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पिनवर्मचा भार चार ते सहा आठवड्यांच्या कोवळ्या उंदरांत सर्वाधिक असतो, म्हणून आईपासून नुकतीच तोडलेली पिल्ले निवडावीत आणि प्रत्येक रॅकमधून निवडावीत.

तुम्ही तसेही खाद्यासाठी उंदीर मारताच, त्यामुळे सर्वांत खात्रीची तपासणी तुम्हाला फुकट उपलब्ध आहे. मेलेल्या उंदराचे अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठे आतडे कोमट सलाइन (मिठाचे सौम्य पाणी) भरलेल्या पेट्री डिशमध्ये उघडून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी काळ्या कागदावर ती डिश ठेवून पाहा. पिनवर्म असतील तर पांढऱ्या सुताच्या बारीक तुकड्यांसारखे वळवळताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दर महिन्याला अशी काही जनावरे पाहण्याची सवय लावली, तर विष्ठेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. त्याच वेळी यकृतावर वाटाण्याएवढी पांढरी गाठ दिसते का, तेही बघावे. ती मांजराच्या पट्टकृमीची अळीची अवस्था असू शकते. ती सापात वाढत नाही, पण उंदरांच्या खाद्यापर्यंत किंवा बेडिंगपर्यंत मांजराची विष्ठा पोहोचली आहे, हे तिच्यावरून कळते.

माइटच्या बाबतीत केसांतील माइट आणि घरट्यातील माइट असा भेद करावा. केसांतील माइट आयुष्यभर उंदराच्या अंगावरच असतात. मानेवर आणि खांद्यांमध्ये केस विरळ होतात, खाजवून खाजवून खपल्या धरतात. नुकताच मारलेला उंदीर काळ्या कागदावर ठेवून भोवती सेलोटेपची चिकट बाजू वर करून कुंपण घातले, तर शरीर थंड होऊ लागताच माइट केसांच्या टोकांकडे चढतात आणि कागदावर उतरून टेपला चिकटतात. याच कारणासाठी मारलेले उंदीर ट्रेमध्ये उघडे पडू देऊ नयेत. लगेच पिशवीत घालून तोंड बंद करावे. नाहीतर ते माइट शेजारच्या टबकडे चालू लागतात.

ह्यूस्टनसारख्या उष्ण व दमट हवेच्या ठिकाणी मला अधिक धास्ती वाटते ती उष्णकटिबंधीय रॅट माइटची, म्हणजे ऑर्निथोनिसस बॅकोटीची. तो उंदराच्या अंगावर फक्त रक्त पिण्यापुरता येतो आणि उरलेला वेळ बेडिंगमध्ये, रॅकच्या सांध्यांत, भिंतीच्या फटींत राहतो, त्यामुळे उंदरांच्या केसांत तो शोधूनही सापडत नाही. घरातल्या माणसांच्या मनगटावर आणि कमरेच्या पट्ट्यापाशी खाज सुटणारे बारीक चावे दिसू लागले, तर आधी गॅरेजकडे बघावे. हा माइट बहुधा माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या जंगली रॅटबरोबर येतो. ते रॅट मारले किंवा हाकलले, की भुकेले माइट तुमच्या टबांकडे वळतात, म्हणून माळ्यावरचा बंदोबस्त आणि गॅरेजची स्वच्छता एकाच वेळी करावी लागते.

शिरकावाची सर्वांत मोठी वाट म्हणजे नवीन जनावर. रक्त बदलायला म्हणून रेप्टाइल एक्स्पोमधून (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनातून) किंवा दुकानातून आणलेली एक जोडी सगळी वसाहत बिघडवू शकते. नवीन जनावरे निराळ्या खोलीत, निराळ्या हवेत, किमान सहा आठवडे ठेवावीत. त्यांच्याच टबमधील वापरलेले बेडिंग थोडेथोडे करून तुमच्या वसाहतीतील दोन-तीन कोवळ्या उंदरांच्या टबमध्ये, अर्थात त्याच विलगीकरणाच्या खोलीत, घालत राहावे आणि शेवटी त्या कोवळ्या उंदरांचीच वर सांगितल्याप्रमाणे तपासणी करावी. प्राणिगृहांत यांना सेंटिनल म्हणतात. सेंटिनल स्वच्छ निघाले तरच नवी जोडी आत घ्यावी. माझे स्पष्ट मत असे, की सापांसाठीच्या घरगुती वसाहतीला नवीन रक्ताची गरज वाटते तितकी नसते. प्रयोगशाळांतील कित्येक वाण अनेक पिढ्या भावंडांच्या जोड्या लावून टिकवलेले आहेत. पिल्लांची संख्या प्रत्यक्षात घटेपर्यंत दार बंदच ठेवावे.

दुसरी वाट बेडिंग आणि खाद्याची. गवताच्या पेंढ्या गोदामात जंगली उंदरांच्या वावरातून आलेल्या असू शकतात. अॅस्पेनचे किंवा भट्टीत वाळवलेल्या पाइनचे भुसकट बंद गोणीतले घ्यावे, सीडरचे टाळावे आणि घरी आणल्यावर गोणी फ्रीझरमध्ये दोन-तीन दिवस ठेवावी. एवढ्याने माइट मरतात. खाद्य कारखान्यातून बंद पिशवीत आलेले दाबीव ब्लॉक असावे, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि टबच्या तळाशी न टाकता वरच्या जाळीतून द्यावे, म्हणजे ते लेंड्यांत लोळत नाही. जुन्या धान्यातील भुंगेऱ्यांचा संबंधही परजीवींशी पोहोचतो: रॅटमधील हायमेनोलेपिस डिमिन्युटा या पट्टकृमीची अळी त्यांच्या पोटात वाढते आणि किडका दाणा खाणाऱ्या रॅटमध्ये उतरते.

तिसरी वाट जंगली उंदरांची. घरउंदराला सहा मिलिमीटरचे भोक पुरते आणि रॅटला साधारण बारा. गॅरेजच्या शटरखालची रबरी पट्टी, एसीचा पाइप जिथून भिंतीत शिरतो ती जागा आणि वायरींची भोके स्टीलवूल व सिमेंटने बुजवावीत. गॅरेजमध्ये पकडलेला जंगली उंदीर मात्र कधीही सापाला घालू नये. कीटकनाशकांचा आणि उंदीरनाशकांचा धोका सर्वांना माहीत असतो. परजीवींचा कमी लोकांना माहीत असतो. सापांच्या ऑफिडॅस्करिस या गोलकृमींची आणि पेंटास्टोम या फुप्फुसांत राहणाऱ्या परजीवींच्या काही जातींची मधली अवस्था उंदरांत असते. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका स्त्रीच्या मेंदूतून ऑफिडॅस्करिसची जिवंत अळी काढल्याचे प्रसिद्ध झाले. ती जात मुळात तिथल्या कार्पेट पायथनची आहे.

चौथ्या वाटेचा विचार फारच थोडे लोक करतात, आणि ती म्हणजे सापाकडून उंदराकडे येणारी. अजगराने जिवंत उंदीर खाल्ला नाही म्हणून तो उचलून पुन्हा टबमध्ये सोडणे ही सर्रास दिसणारी सवय आहे. ती पूर्णपणे बंद करावी. सार्कोसिस्टिस सिंगापोरेन्सिस हा एकपेशीय परजीवी अजगर आणि रॅट यांच्यामध्येच फिरतो: अजगराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, रॅटच्या खाद्यात मिसळतो, रॅटच्या स्नायूंत पुटके करतो आणि तो रॅट खाल्ला, की पुन्हा अजगरात पोहोचतो. दक्षिणपूर्व आशियात शेतातील रॅट मारण्यासाठी याच परजीवीचा उपयोग करून पाहिला गेला आहे, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. न खाल्लेला उंदीर मारून गोठवावा. कामाचा क्रमही ठरलेला असावा: आधी ब्रीडर, मग वाढती पिल्ले, मग विलगीकरणाची खोली आणि सर्वांत शेवटी साप. उलट दिशेने जायचे झाल्यास हात धुवून, कपडे बदलूनच जावे. चिमटे, बादल्या आणि झाडू दोन्हीकडचे वेगळे असावेत.

धुण्याविषयी एवढेच सांगतो, की ब्लीचवर भिस्त ठेवू नये. पिनवर्मची अंडी आणि क्रिप्टोस्पोरिडियमच्या ऊसिस्ट यांच्यावर नेहमीच्या जंतुनाशकांचा फारसा परिणाम होत नाही. साबणाने घासून सगळी घाण काढणे आणि नंतर 80 अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम पाणी किंवा वाफ देणे, हेच काम करते. आधी घाण आणि मग उष्णता, हा क्रम चुकवू नये. टबमध्ये दाटी असेल तर या सगळ्याचा परिणाम निम्मा होतो, म्हणून लहान उंदरांचा एक नर आणि तीन-चार माद्या यांपलीकडे एका टबमध्ये जाऊ नये.

आता औषधाचा प्रश्न. पिनवर्मसाठी प्राणिगृहांत फेनबेंडाझोल मिसळलेले खाद्य, दर किलोला 150 मिलिग्रॅम या प्रमाणात, एक आठवडा देऊन एक आठवडा थांबणे असे अनेक फेरे करून वापरतात. ते चालते, पण सर्व टब एकाच दिवशी सुरू केले, एकही टब वगळला नाही आणि बेडिंग व रॅक यांची सफाई सोबत झाली तरच. पाण्यातून आयव्हरमेक्टिन देण्याला माझा विरोध आहे. प्रत्येक जनावर किती पाणी पिते यावर मात्रा ठरते, औषध पाण्यात नीट विरघळत नाही आणि अगदी लहान पिल्लांत मेंदूचे संरक्षण करणारा रक्ताचा अडसर पुरता तयार झालेला नसल्याने ती थरथरून मरतात. काही वाणांत प्रौढ उंदरांनाही ते सोसत नाही. शिवाय औषध दिलेला उंदीर सापाने खाल्ला, की ते औषध सापाच्या अंगात जाते. म्हणून उपचार चालू असताना आणि नंतर पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या उंदरांपैकी एकही खाद्यात जाऊ नये. तेवढे दिवस गोठवलेले उंदीर विकत घ्यावे लागतात. हा सगळा खर्च आणि त्रास धरता, वीस-पंचवीस टबांची घरगुती वसाहत असेल, तर ती टप्प्याटप्प्याने संपवून, खोली कोरडी आणि रिकामी ठेवून, खात्रीच्या ठिकाणची नवी जनावरे आणणे बहुतेकदा स्वस्त पडते.

गोठवणे ही शेवटची चाळणी आहे. मारलेले उंदीर पातळ थरात, बंद पिशवीत, उणे 18 ते 20 अंशांवर ठेवावेत. मी स्वतः चार आठवड्यांच्या आत पिशवी उघडत नाही. माइट आणि स्नायूंतील पुटके यांच्यासाठी हे पुरते. पिनवर्मची सगळीच अंडी मरतील याची खात्री नाही, पण सापाच्या दृष्टीने त्याचे महत्त्वही नाही. साल्मोनेला मात्र गोठवल्याने मरत नाही. अमेरिकेत 2010 मध्ये गोठवलेल्या खाद्य-उंदरांमुळे माणसांत साल्मोनेलाचा उद्रेक झाला होता. म्हणून फ्रीझर वेगळा असावा आणि उंदीर स्वयंपाकघरात वितळवू नयेत. घरात लहान मूल असेल, तर त्याला टब साफ करू देऊ नये, कारण हायमेनोलेपिस नाना हा बुटका पट्टकृमी उंदराकडून थेट माणसात येतो आणि मुलांनाच अधिक गाठतो. गरोदर स्त्रीने या खोलीत जाऊच नये; 2012 मध्ये इंडियानातील एका खाद्य-उंदीर पैदास केंद्रातील कामगारांना उंदरांपासून एलसीएम (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या) विषाणूची लागण झाली होती आणि हा विषाणू गर्भाला इजा करतो.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एक सूचना जरूर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार धामण, नाग, अजगर असे भारतीय साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतील परदेशी सापांची नोंदणी 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. उंदरांविषयीचे वरील सर्व विवेचन अशा नोंदणीकृत सापांच्या धन्यांनाही जसेच्या तसे लागू आहे. फक्त इथल्या पावसाळ्यात बेडिंग दमट राहते, म्हणून ते बदलण्याच्या खेपा वाढवाव्यात.

तुमच्यापुरते तूर्त एवढे करा: प्रत्येक रॅकमधील कोवळ्या उंदरांच्या टेप आणि लेंड्यांची तपासणी करून पिनवर्मची जात ठरवा, तोपर्यंत एकही जनावर आत किंवा बाहेर हलवू नका आणि सापांना फक्त गोठवून वितळवलेले उंदीर द्या. सापाच्या विष्ठेचा पुढचा नमुना देताना फॉर्मवर शेवटचे खाद्य कोणते, कधी दिले आणि त्या उंदरांत काय आढळले आहे, हे लिहा. आणि अंडी दिसल्यास त्यांची लांबी-रुंदी मोजून अहवालात द्यावी, अशी विनंती प्रयोगशाळेला करा.